ऐनवेळचा विषय

इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची दोन गावं आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक. या भागातल्या ऊस उत्पादकाला सर्वसाधारण सभा म्हणजे काय, हे कुणी शिकवावं लागत नाही. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, पलीकडे बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, असा हा सहकारी कारखान्यांचा मुलूख. सभेची नोटीस हातात पडली की माणूस विषयपत्रिकेवरून बोट फिरवतो आणि ‘पोटनियम दुरुस्ती’ या शब्दांपाशी थांबतो. उसाचा भाव एका हंगामापुरता असतो, पोटनियम मात्र सभासदाचं सभासदत्वच ठरवतात, हे त्याला अनुभवानं कळलेलं आहे. सहकार कायद्यात ‘क्रियाशील सभासद’ हा शब्द आला आणि सभेची हजेरी, संस्थेच्या सेवांचा वापर या गोष्टी थेट मताच्या हक्काशी जोडल्या गेल्या. एका शब्दानं कोण मतदार राहतो आणि कोण यादीतून गळतो, हे तेव्हा गावोगाव लोकांनी नीट समजून घेतलं.

त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळते. जिल्ह्याच्या निवड चाचणीला जाते, नोंदणीची फी भरते, वयाचा दाखला देते. पण ज्या संघटनेच्या शिक्क्यावर तिचं खेळणं अवलंबून आहे, त्या संघटनेची घटना त्या घरात कुणी पाहिलेली नसते. कारखान्याच्या पोटनियमावर तासभर भांडणारे वडील मुलीच्या संघटनेचे नियम कोण बदलतं, कधी बदलतं, हे विचारत नाहीत. त्यांना ते विचारता येतं, हेच कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. हे प्रकरण त्या वडिलांसाठी आहे.

आधी सभासद कोण, ते पाहू. कारखान्यात शेअर्स ज्याच्या नावावर, तो सभासद. क्रीडा संघटनेत मात्र खेळाडू बहुतेक ठिकाणी ‘नोंदणीकृत खेळाडू’ असतो, सभासद नसतो. सभासद असतो तो त्याचा संघ, म्हणजे गावातलं मंडळ किंवा क्लब. हा संघ जिल्हा संघटनेचा सभासद. जिल्हा संघटना राज्य संघटनेची सभासद, राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाची आणि महासंघ आंतरराष्ट्रीय संघटनेचा. वरकुट्याच्या मंडळानं दिलेलं मत पहिल्या पायरीवरच संपतं. तिथून पुढे प्रतिनिधीचा प्रतिनिधी मत देतो. दिल्लीतल्या सभेत घटना दुरुस्त होते तेव्हा हात वर करणारी माणसं मोजकी असतात आणि त्यांच्या हातात लाखो खेळाडूंचं नशीब असतं. क्रीडा संघटनांमधली बहुतेक दुखणी या रचनेतून निघालेली आहेत, असं माझं मत आहे. आणि त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या मातीतल्या खेळातच घडलं.

भारतीय हौशी कबड्डी महासंघाचे अध्यक्ष म्हणून राजस्थानचे राजकारणी जनार्दनसिंह गेहलोत १९८४ पासून काम पाहत होते. कबड्डी १९९० साली आशियाई स्पर्धांत आली ती याच काळात, आणि त्याचं श्रेय त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ नये. पण केंद्र सरकारची २०११ची क्रीडा संहिता आली. तिच्यात अध्यक्षपदासाठी जास्तीत जास्त बारा वर्षं आणि वयाची सत्तरी अशा मर्यादा होत्या. २०१३ साली महासंघात काय झालं? घटनेत तहहयात अध्यक्ष हे पद घालण्यात आलं, गेहलोत त्या पदावर गेले आणि त्यांच्या पत्नी मृदुल भदौरिया अध्यक्ष झाल्या. हे सभेत झालं, ठरावानं झालं. राज्य संघटनांचे प्रतिनिधी हजर असलेल्या महासंघात ते झालं आणि पाच वर्षं चाललं.

ते थांबवलं कुणी? महिपाल सिंग यांच्यासारख्या माजी खेळाडूंनी. त्यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयानं ३ ऑगस्ट २०१८ रोजी निकाल दिला. तहहयात अध्यक्षपद बेकायदा ठरलं, भदौरियांची निवड रद्द झाली, महासंघावर प्रशासक आला. त्याच महिन्यात जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत भारताचा पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणकडून हरला. १९९० पासून एकदाही न चुकलेलं सुवर्णपदक गेलं. महिला संघही अंतिम सामन्यात इराणकडूनच हरला. या पराभवाचा दोष न्यायालयीन लढाईवर ढकलणं चुकीचं होईल, इराणचे खेळाडू त्या वेळी खरोखर सरस होते. पण घर विस्कटलेलं होतं, हेही खरं.

हे घर सावरायला किती काळ लागला, ते पाहा. प्रशासकाचा कारभार साडेसहा वर्षं चालला. मधल्या काळात निवडणूक झाली, पण निवडून आलेल्यांकडे ताबा गेला नाही, आणि निवडलेली समिती नाही म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघानं भारताला दूर ठेवलं. अखेर दोन महिला खेळाडू सर्वोच्च न्यायालयात गेल्या, कारण आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत खेळण्याची संधी त्यांच्या हातून निसटत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयानं निवडून आलेल्या समितीकडे कारभार सोपवायला सांगितलं. संघ इराणला गेला आणि मार्चमध्ये त्याच इराणला अंतिम सामन्यात हरवून विजेता ठरला. घटनेतली एक दुरुस्ती २०१३ची. तिची किंमत २०२५ पर्यंत खेळाडू मोजत होते.

आता प्रश्न असा की सभासदांनी बहुमतानं केलेली दुरुस्ती न्यायालयानं का मोडावी? संस्था सभासदांची, घटना सभासदांची, मग त्यांनी ती हवी तशी बदलली तर बिघडलं कुठे? हा प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर दोन टोकांकडून द्यावं लागतं.

पहिलं टोक सभासदाच्या बाजूचं. भारतीय राज्यघटनेच्या १९व्या कलमानं संघ स्थापण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. हिंदी साहित्य संमेलन या संस्थेबाबत संसदेनं १९६२ साली कायदा केला आणि तिच्या सभासदत्वाची रचनाच बदलून टाकली. मूळ सभासदांची संमती न घेता नवे लोक आत आले. दमयंती नरंगा या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ साली तो कायदा रद्द केला. संघ स्थापण्याच्या हक्कात तो संघ आपण स्वीकारलेल्या माणसांसह चालवण्याचा हक्कही येतो, असं न्यायालयानं सांगितलं. म्हणजे सरकारला वाटलं म्हणून उद्या उठून कुणाही संस्थेच्या सभासदांची यादी बदलता येत नाही. हा निकाल प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्याला माहीत असायला हवा.

दुसरं टोक क्रिकेटनं दाखवलं. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या नियमांत ६.२.४ हा एक नियम होता. मंडळाच्या कुठल्याही प्रशासकाचा मंडळाच्या सामन्यांत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष व्यापारी हितसंबंध असता कामा नये, असा त्याचा साधा आशय. २००८ साली आयपीएल सुरू झाली. मंडळाचे तेव्हाचे कोषाध्यक्ष एन. श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्स कंपनीनं चेन्नईचा संघ घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंडळानं नियमात एक अपवाद घातला: आयपीएल आणि चॅम्पियन्स लीग टी-ट्वेंटी यांसारख्या स्पर्धा वगळून. बाकी नियम जसाच्या तसा. एका उपवाक्यानं नियम आतून पोकळ झाला. २२ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती रद्द केली. मंडळ खासगी संस्था असली तरी तिचं काम सार्वजनिक स्वरूपाचं आहे, देशाचा संघ तीच निवडते, म्हणून तिचे नियम सार्वजनिक हिताच्या कसोटीवर तपासले जातील, हे त्या निकालाचं सार.

ही दोन टोकं जुळवून पाहिली की चित्र स्पष्ट होतं. सभासदांचा हक्क मोठा आहे, पण जी संस्था देशाच्या नावानं खेळाडू निवडते, तिचे सभासद एकट्यासाठी मत देत नसतात. त्यांच्या मागे मैदानावरचा मुलगा उभा असतो, ज्याला मत नाही. म्हणून त्यांच्या मतावर त्याच्या हिताची मर्यादा येते. मला ही मर्यादा योग्य वाटते.

पण मर्यादा घालणाऱ्याचाही हात कधी चुकतो, आणि तेव्हा सभासदांनी बोलायचं असतं. क्रिकेट मंडळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २०१६ रोजी बहुतांशी मान्य केल्या. सत्तरीची मर्यादा आली. मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष असलेले बारामतीचे शरद पवार त्या वर्षअखेर पायउतार झाले. पण त्याच निकालात ‘एक राज्य, एक मत’ हेही होतं, आणि महाराष्ट्रात तर क्रिकेटच्या तीन संघटना: मुंबई, विदर्भ आणि इंदापूर-बारामतीचा क्रिकेटपटू जिच्या छत्राखाली येतो ती पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट संघटना. तिघींत मिळून एक मत, तेही आळीपाळीनं. मुंबईनं तोवर रणजी करंडक ४१ वेळा जिंकला होता. संघटनांनी आपली बाजू लावून धरली आणि ९ ऑगस्ट २०१८च्या निकालात न्यायालयानं स्वतःचा आधीचा निर्णय सुधारला. महाराष्ट्रातल्या आणि गुजरातमधल्या तीन-तीन संघटनांना पूर्ण सभासदत्व परत मिळालं. मात्र त्याच वेळी एक कुलूपही लागलं. मंडळाची घटना बदलायची तर सभेत तीन-चतुर्थांश बहुमत हवं आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाची परवानगी हवी. २०२२ साली पदाधिकाऱ्यांच्या सक्तीच्या विश्रांतीचा नियम सैल करायचा होता, तेव्हा मंडळाला खरोखरच न्यायालयात जाऊन ती परवानगी मागावी लागली.

फुटबॉलमध्ये बाहेरचा हात फारच पुढे गेल्याचं जागतिक संघटनेचं म्हणणं होतं. न्यायालयानं नेमलेले प्रशासक कारभार पाहत होते आणि नामवंत माजी खेळाडूंना व्यक्तिशः मतदार करण्याची तरतूद पुढे आली होती. फिफानं ऑगस्ट २०२२ मध्ये भारताला निलंबित केलं. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात व्हायचा होता, अंतिम सामना नवी मुंबईत. प्रशासक हटले, मतदारयादी पूर्वीच्या पद्धतीवर आली, आणि दोन आठवड्यांच्या आत निलंबन उठलं. खेळाडूला थेट मत देण्याची कल्पना त्या वेळी मागे पडली, याचं मला वाईट वाटतं.

आता कुस्ती. या भागात हा विषय टाळून पुढे जाता येत नाही.

भारतीय कुस्ती महासंघाची निवडणूक २१ डिसेंबर २०२३ रोजी झाली. नव्या अध्यक्षांनी त्याच दिवशी जाहीर केलं की पंधरा आणि वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा वर्ष संपायच्या आत उत्तर प्रदेशात गोंड्याजवळ होतील. क्रीडा मंत्रालयानं तीनच दिवसांत महासंघाला निलंबित केलं. मंत्रालयाचं बोट होतं महासंघाच्या स्वतःच्या घटनेवर. स्पर्धेचं ठिकाण कार्यकारिणीनं ठरवायचं असतं. कार्यकारिणीच्या सभेला पूर्ण पंधरा दिवसांची नोटीस लागते, तातडीच्या सभेलाही सात दिवसांची, आणि एक-तृतीयांश गणपूर्ती. निवडून आल्या दिवशी हे सगळं कसं झालं असेल? पैलवानाला तयारीला वेळ मिळावा, वजन उतरवायला, रेल्वेचं आरक्षण करायला अवधी मिळावा, म्हणून तर नोटिशीचे दिवस असतात. ते कुणी कागदी सोपस्कार म्हणून टाकून दिले की त्याचा फटका तालमीतल्या पंधरा वर्षांच्या पोराला बसतो. हे निलंबन मार्च २०२५ मध्ये उठलं.

महाराष्ट्रातली गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी आहे. राष्ट्रीय महासंघानं ३० जून २०२२ रोजी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली. मामासाहेब मोहोळांनी उभी केलेली ही परिषद, १९६१ पासून महाराष्ट्र केसरी ठरवणारी. वाद न्यायालयात गेला, दोन गट झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं दहा-बारा दिवसांत दोन महाराष्ट्र केसरी पाहिले: पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. दोघेही अस्सल मल्ल, दोघांच्याही खांद्यावर गदा. पण या गदेचा अर्थ एकमेव असण्यात होता. वरची संस्था खालच्या संस्थेला कधी, कोणत्या कारणानं आणि कोणती संधी देऊन बरखास्त करू शकते, हे दोघींच्या घटनांत नेमकं लिहिलेलं असावं लागतं. सभासद संघांनी या कलमाकडे शांततेच्या काळात लक्ष द्यायचं असतं. भांडण पेटल्यावर ते कलम वकिलांच्या हातात जातं.

मग गावातल्या मंडळाच्या हातात नेमकं काय आहे? वाटतं त्यापेक्षा बरंच.

महाराष्ट्रातल्या बहुतेक क्रीडा संघटना १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दुहेरी नोंदलेल्या असतात. सात माणसं एकत्र आली की संस्था होते, इतका तो जुना आणि साधा कायदा आहे. संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर त्याचं १२वं कलम लागू होतं. लेखी प्रस्ताव सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला मिळाला पाहिजे, त्याला सभासदांपैकी तीन-पंचमांशांची मतं पडली पाहिजेत, आणि महिन्यानंतरच्या दुसऱ्या विशेष सभेत उपस्थितांच्या तीन-पंचमांशांनी तो पुन्हा मान्य केला पाहिजे. दोन सभा, मधे महिना. १८६० साली हा कायदा करणाऱ्यांना घाईतल्या ठरावाची भीती नेमकी कळली होती.

पण इथे एक मेख आहे. हे कलम उद्देशांपुरतं आहे. बाकीचे नियम, म्हणजे कोण सभासद होईल, कुणाला मत, किती मुदत, हे कसे बदलायचे ते संस्थेच्या नियमावलीतच लिहिलेलं असतं. नियमावली ढिली असेल तर हक्कही ढिला. म्हणून घटना हातात आली की मी आधी शेवटची पानं उघडतो. घटना दुरुस्तीची रीत सहसा तिथे असते. किती दिवसांची नोटीस, किती बहुमत, कुणाचं बहुमत: एकूण सभासदांचं की हजर असलेल्यांचं? नंतर गणपूर्तीचं कलम. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासानं त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही, हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी संस्थांच्या नियमांत आहे. रोजच्या कामासाठी ती सोय ठीक. घटना दुरुस्ती मात्र अशा अर्ध्या तासानंतरच्या सभेत होणार नाही, असं स्पष्ट लिहून घ्यायला हवं.

आणि मग तो विषयपत्रिकेतला शेवटचा आकडा: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. अभिनंदनाचा ठराव, श्रद्धांजली, पुढच्या स्पर्धेची तारीख, यांसाठी तो असतो. त्याच्या आडून घटना दुरुस्ती आली तर ती सभासदाशी केलेली दगाबाजी आहे, कारण जो आला नाही त्याला हे येणार हे माहीतच नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये जगातल्या बहुतेक मोठ्या क्रीडा संघटनांची मुख्यालयं आहेत, फिफाचं झुरिकला, ऑलिंपिक समितीचं लोझानला. तिथल्या नागरी कायद्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. आधी न कळवलेल्या विषयावर ठराव करता येत नाही, संस्थेच्या नियमांनी तशी उघड मुभा दिली असेल तरच येतो. एक-पंचमांश सभासदांनी मागणी केली की सभा बोलवावीच लागते. आणि नियमांविरुद्ध झालेला ठराव ज्या सभासदाला मान्य नव्हता, तो कळल्यापासून महिन्याभरात न्यायालयात जाऊ शकतो. आपल्या जिल्हा संघटनांनी ही तीन कलमं जशीच्या तशी उचलावीत. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, एका सूचकाची आणि एका अनुमोदकाची गरज आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वादांसाठी क्रीडा न्यायाधिकरण, महासंघांच्या कार्यकारिणीला पंधरा जणांची कमाल मर्यादा, तीत गुणवंत खेळाडूंना आणि महिलांना राखीव स्थान, अशी त्याची चौकट आहे. खेळाडू अखेर खुर्चीवर आला, याचा आनंद आहे. पण हा कायदा वरून खाली येतो आहे. जिल्हा आणि तालुका पातळीवर सभासद मंडळं जागी नसतील तर वरच्या राखीव जागेवर कुणाचं नाव जाईल, हे सांगायला नको.

म्हणून वरकुट्याच्या, निमगावच्या, कळसच्या, लासुर्ण्याच्या मंडळांना माझी विनंती आहे. तुमच्या मंडळाची वर्गणी जिल्हा संघटनेकडे वेळेत भरा आणि पावती जपा. तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असेल तर कायद्यानंच मत जातं, आणि थकबाकीचं कारण निवडणुकीच्या तोंडावरच बाहेर काढलं जातं. सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ठरलेलं शुल्क भरून संघटनेच्या घटनेची आणि शेड्युल एकच्या, म्हणजे विश्वस्त नोंदवहीच्या, उताऱ्याची नक्कल काढा. पदाधिकारी बदलल्याची नोंद करणारा शेवटचा बदल अहवाल कधी दाखल झाला, त्यात कुणाची नावं आहेत, ते पाहा. पुढच्या सभेच्या नोटिशीत ‘घटना दुरुस्ती’ एवढेच दोन शब्द असतील आणि जुना मजकूर व नवा मजकूर शेजारी शेजारी दिलेला नसेल, तर सभेची वाट पाहू नका. त्याच दिवशी मंडळाच्या लेटरहेडवर हरकत लिहा, मंडळाचा ठराव जोडा, सचिवांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.